कानातल्या बाईला थांबवायचं बटण

खिचडी

आमच्या अंगणवाडीत पोरांना पंगतीत बसवून खिचडी वाढायचं काम माझं. मदतनीस शेगडीपाशी आणि मी पंगतीत, अशी आमची वाटणी. एक दिवस डावभर खिचडी मी डावीकडच्या पोराच्या ताटात घातली आणि ती ताटात न पडता सतरंजीवर पडली. पोरं खदखदून हसली, मीही हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, तेव्हा फक्त पोरं हसली.

वाटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल. लाखनीला डोळ्यांचं शिबिर होतं, तिथं गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी माझा उजवा डोळा झाकला आणि समोरच्या भिंतीवर काय दिसतं ते विचारलं. मी म्हणाले, "मॅडम, लाईट गेली वाटते." त्यांनी टॉर्च लावून डोळा पुन्हा तपासला. मग हळूच म्हणाल्या, "सोबत कोण आहे?"

दवाखान्यात हा प्रश्न आला की समजून जावं. सोबत कोणी नव्हतं. मी म्हटलं, मीच आहे, सांगा. त्यांनी सांगितलं. काचबिंदू. डावा डोळा गेलेला, कधी गेला ते आता कुणालाच सांगता यायचं नाही. उजव्याचीही कड गेलेली. दुखलं नाही, लाल झाला नाही, पाणी आलं नाही. घरची बकरी हरवली तर दिवे लागायच्या आत कळतं. माझा अख्खा डोळा गेला आणि मला पत्ता नाही. मला सगळ्यात जास्त राग याचाच आला आणि तो अजून गेलेला नाही.

हे मी काचबिंदू झालेल्यांसाठी सांगते आहे आणि त्यांच्या घरच्यांसाठी. घरच्यांसाठी जरा जास्तच. 'लिहिते' म्हणत नाही, कारण मी बोलते आणि फोन लिहून घेतो.

वर पाहा

उन्हाळ्यात नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. होती तेवढी नजर टिकावी म्हणून. वॉर्डात सगळ्या बायकांचा एक डोळा बांधलेला आणि एक उघडा. माझाही एक उघडाच होता, पण तो काही कामाचा नव्हता. फिनाईलचा वास आला की सकाळ झाली आणि वरणाचा वास आला की दुपार, एवढं माझं घड्याळ.

पट्टी सैल करून सिस्टर थेंब टाकायला यायची आणि म्हणायची, "वर पाहा." मी वर पाहायचे, म्हणजे जिकडं वर असेल असं वाटायचं तिकडं. डोकं धुवायला बंदी होती, केसांच्या नुसत्या जटा झाल्या होत्या. वॉर्डातल्या मावशींनी एका दुपारी कुणी न सांगता माझी वेणी घातली. एकही केस ओढला नाही. मला रडू आलं तर म्हणाल्या, "रडू नको बाई, टाके ओले होतेत." डोळ्यांच्या दवाखान्यात रडायचीही सोय नाही.

पट्टी निघाली तेव्हा समोर ताकासारखं पांढुरकं काहीतरी होतं. त्यात खिडकी कुठं आहे तेवढं कळत होतं. डॉक्टर आणि माझे मिस्टर बाहेर व्हरांड्यात गेले. बऱ्याच वेळानं मिस्टर परत आले, पलंगावर बसले आणि म्हणाले, "नजर हळूहळू येईन म्हणते डॉक्टर. वेळ लागते."

माझे मिस्टर एसटीत कंडक्टर. डुलकी लागलेल्या प्रवाशाला हलवून "उठा मामा, तुमचं गाव आलं" असं सांगण्यात जन्म गेलेला माणूस. त्यांनी सांगितलं आणि मी विश्वास ठेवला. न ठेवण्याचं काही कारणच नव्हतं.

टिकटिक आणि टुंग

घरी आल्यावर माझं एकच काम उरलं. सकाळी उठून पूर्वेच्या खिडकीकडं तोंड करून बसायचं आणि उजेड किती वाढला ते पाहायचं. उजेड वाढत नव्हता. मी मिस्टरांना म्हणायचे, "कालच्यापेक्षा कमी वाटून राहिलं." ते म्हणायचे, "असं होते मधात. मान वर कर, थेंब टाकतो." थेंब मात्र त्यांनी कधी चुकवले नाहीत. ड्युटीवर निघायच्या आधी टाकायचे, आल्यावर हात धुऊन पुन्हा टाकायचे. जेवताना ताट हातात द्यायचे आणि विचारायचे, "पाह्य बरं, भात दिसून राहिला का?" मी बोटांनी भात चाचपायचे आणि म्हणायचे, "थोडा थोडा."

आता कळतं, आम्ही दोघंही खोटंच बोलत होतो. फक्त मला आपण खोटं बोलतो आहोत ते माहीत नव्हतं. मला खरंच दिसल्यासारखं वाटायचं.

अंगणवाडीच्या सुपरवायझर मॅडम विचारायला आल्या. मी छातीठोकपणे सांगितलं, "दिवाळीपर्यंत येते मी, माझी जागा तेवढी सांभाळा." मिस्टर तिथंच उभे होते. त्यांनी मॅडमना चहा विचारला.

मुलगी प्राजक्ता नागपूरला नोकरी करते. ती सुटीत घरी आली की घरात एक नवीन आवाज ऐकू यायचा. मिस्टरांच्या फोनवर टिकटिक टिकटिक, मग प्राजक्ताच्या फोनवर टुंग. मग तिच्याकडं टिकटिक, मग यांच्याकडं टुंग. दोघं एकाच खोलीत, माझ्या समोर बसलेले. मला वाटायचं काहीतरी पाहत असतील, हल्ली सगळेच पाहतात. आंधळ्या माणसासमोर कुजबुजायला तोंड लागत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मेश्राम सर

आम्ही बौद्ध. आषाढी पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, वर्षावासाचे तीन महिने, आमच्या गावच्या विहारात रोज दिवेलागणीला धम्मग्रंथाचं वाचन होतं. दिवसभर धानाची रोवणी करून बायका हातपाय धुतात, पांढरी साडी नेसतात आणि येऊन बसतात. वाचायचं काम कितीतरी वर्षं माझ्याकडं. लहान पोरांना गोष्टी सांगून सांगून आवाज तयार झालेला. गावात माझी जी काही पत होती ती या वाचनाची. पौर्णिमा जवळ आली तशी मी घराबाहेर पडणंच बंद केलं.

मेश्राम सर लाखनीच्या शाळेत संगीत शिकवतात. जन्मापासून दृष्टिहीन. राहायला आमच्याच गावात. ते काठी टेकत घरी आले.

"जयभीम बाई. ग्रंथ कोण वाचन मंग या वर्षी?"

"मले काय विचारता सर? डोळे कुठं आहेत मले?"

"मले तरी कुठं आहेत? मी तं रोज वाचतो."

त्यांनी माझ्या फोनमध्ये बोलणारी बाई सुरू करून दिली. फोनवर जे जे लिहिलेलं असेल ते ती मराठीत वाचते. ग्रंथही त्यांच्या फोनमधून माझ्या फोनमध्ये आला. मग त्यांनी माझ्या हातात बिनवायरचे हेडफोन ठेवले आणि माझं बोट धरून उजव्या कानावरच्या बटणावर नेलं. "हे दाबलं का बाई थांबते. पुन्हा दाबलं का पुढं चालते. फोन पिशवीत राहू द्या नाईतं खुंटीले टांगा, त्याले हात लावाचं कामच नाई."

पहिल्यांदा ती बाई बोलली तेव्हा मला नुसतं किरकिर ऐकू आलं. सरांना तेवढ्याच वेगाची सवय. त्यांनी तिला माझ्यासाठी पार बैलगाडीच्या चालीवर आणून ठेवलं. तरीही सुरुवातीला मी तिच्या मागं धापा टाकत होते. ती एक वाक्य म्हणायची, मी बटण दाबायचे, ते वाक्य माझ्या आवाजात मोठ्यानं म्हणायचे, पुन्हा दाबायचे. दाबायला उशीर झाला की तिचं दुसरं वाक्य माझ्या पहिल्यात घुसायचं आणि माझी गाडी चिखलात जायची. मी घरभर सराव केला. फोन पुढच्या खोलीत चार्जिंगला, मी मागं कणीक मळते आहे, हात पिठात आणि मनगटानं कानावरचं बटण दाबते आहे.

मिस्टर विचारायचे, "गाणे आयकून राहिली का?"

"वाचून राहिली."

"बरं, बरं."

मी सांगितलं होतं त्यांना, एकदा नाही, अनेकदा. फोन किती वाजले ते सांगतो, कुणाचा कॉल आला ते सांगतो, एवढंच त्यांनी डोक्यात घेतलं होतं.

सर एक दिवस म्हणाले, "बाई, काठी पण आणून देतो. चालाचं शिकून घ्या आता."

"कायले सर? थोड्या दिवसाचं काम आहे. नजर येऊन राहिली मायी."

सरांची काठी दोनदा जमिनीवर वाजली. नंतर म्हणाले, "बरं." मला वाटलं, रागावले.

लाईट गेली

आषाढी पौर्णिमेला मी विहारात वाचलं. शीलाबाई, आमच्या महिला मंडळाच्या, त्यांनी माईक माझ्या तोंडाशी धरला. बाई माझ्या कानात सपाट आवाजात सांगत होती आणि मी ते चढ-उतार घालून, जिथं थांबायचं तिथं थांबून म्हणत होते. धडा संपल्यावर शीलाबाई म्हणाल्या, "अवो, तुमाले तं पाठच आहे सारं!" मला लपवायचं काहीच नव्हतं. मी हेडफोन काढून त्यांच्या कानाला लावला, तशा त्या दचकून मागं सरकल्या आणि सगळ्या हसल्या. आजार सुरू झाल्यापासून मी पोटातून हसले असेन तर त्या दिवशी. रोज संध्याकाळची मी वाट पाहू लागले. मनाशी ठरवलं होतं, आश्विन पौर्णिमेचा शेवटचा धडा डोळ्यांनी वाचायचा.

श्रावणातल्या एका संध्याकाळी धडा मध्यावर आला असताना लाईट गेली. मला कळलं ते माईकचा आवाज गेला म्हणून. बायका "अगं बाई" करत मेणबत्ती शोधू लागल्या. मी थांबले नाही. माझा फोन चार्ज होता, हेडफोन चार्ज होते. मी आवाज चढवला आणि वाचत राहिले. हळूहळू सगळ्या चिडीचूप झाल्या. त्या अंधारात ज्यांना डोळे होते त्या नुसत्या बसल्या होत्या आणि वाचत होते मी एकटी. मला त्या क्षणी फार बरं वाटलं. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

मग लाईट आली.

आमच्या विहारातला साऊंड बॉक्स बिनवायरचाही चालतो. आजारपणाआधी मी माझ्याच फोनवरून त्यावर वंदना लावायचे. ते मी साफ विसरून गेले होते, बॉक्स विसरला नव्हता. रोज तो मी यायच्या आधीच चालू केलेला असायचा; आज लाईट आल्याबरोबर माझ्या फोनसमोर चालू झाला आणि त्यानं माझा फोन धरला. माझ्या कानातली बाई एकदम गप्प झाली. मी बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. तेवढ्यात फोनवर मेसेज आला आणि ती बाई भिंतीवरच्या बॉक्समधून, गावभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलू लागली.

"घर. प्राजक्ता. बाबा, डॉक्टरांशी मी आज पुन्हा बोलली. आईच्या उजव्या डोळ्याची नसही गेली आहे."

मी बटण दाबत होते.

"ऑपरेशनच्या दिवशीच त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं. आता नजर परत येणार नाही."

मी दाबतच होते. ते बटण आता कशालाच जोडलेलं नव्हतं.

"आईला अजून किती दिवस खोटं सांगायचं?"

कुणीतरी धडपडत उठलं. शीलाबाईंनी बॉक्सची पिन खेचली.

बाहेर धानाच्या बांधीत बेडूक ओरडत होते. पहिला विचार माझ्या मनात आला तो डोळ्याचा नव्हता. एवढ्या सगळ्या बायकांनी मला कळायच्या आधी माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं असेल, हा आला. दुसरा आला तो सकाळच्या खिडकीचा.

"धडा अर्धा राहिला," मी म्हणाले. पण कानातली बाई परत येईना. मेश्राम सर मागच्या भिंतीशी बसलेले असत. ते म्हणाले, "बाई, आज राहू द्या." त्यांच्या आवाजावरून मला कळलं की त्यांना आधीच अंदाज होता. काठीची गोष्ट निघाली त्या दिवशीच.

मधेच एक गोष्ट

पुढचं सांगण्याआधी घरच्या मंडळींना एक सांगून टाकते. तुम्हाला वाटतं, आपण आजारी माणसाला आशा देतो आहोत. देऊ नका. मी त्या आशेपायी काठी घेतली नाही. चालायचं शिकले नाही. अंगणवाडीतली जागा 'दिवाळीपर्यंत' म्हणून अडवून ठेवली आणि घरात बसून राहिले. तुम्ही दिलेली आशा खरी नसली तरी माझे दिवस खरे होते, ते गेले. डॉक्टर जे सांगतील ते त्याच दिवशी, जवळ बसून, हात धरून सांगा. माणूस रडेल, टाके ओले होतील, होऊ द्या.

प्राजक्ता म्हणते, तो मेसेज बाबांना पाठवायचा होता, घाईत 'घर' या ग्रुपवर गेला. एरवी ती बोलून मेसेज टाकते, बघत नाही. ग्रुपवर आम्ही तिघंही आहोत. पण मी वाचू शकत नाही असं धरून चालल्यामुळं त्यांच्या मनात तो ग्रुप कधीच दोघांचा झाला होता. चूक कुठं झाली म्हणाल तर मी तिथं झाली म्हणेन.

आता मी काठी घेऊन चालते. विहारापर्यंत एकटी जाते. सुपरवायझर मॅडमना खरं काय ते सांगून टाकलं, त्या दिवशी दार लावून खूप रडले. खिडकीत बसत नाही. आश्विन पौर्णिमेचा शेवटचा धडा वाचला, पण ठरवला होता तसा नाही.

वाचन

लाईट गेली त्या संध्याकाळी शीलाबाईंनी मला दारापर्यंत सोडलं. मिस्टर ओसरीवर बसले होते. त्यांच्याही फोनवर तो मेसेज आला असणार. मी विचारलं, "प्राजक्ताचा मेसेज आला काय?"

"आला. असाच. कामाचं लिवलं पोरीनं."

"विहारात पण आला. बॉक्सवर."

खुर्ची करकरली. ते उठले की खाली बसले ते मला कळलं नाही.

"ऑपरेशनच्या दिवशीच सांगतलं होतं का तुमाले?"

"हो."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

बसमध्ये मागच्या सीटपर्यंत पोचणारा त्यांचा आवाज, तो कुठं गेला कोण जाणे. हळू म्हणाले, "उद्या सांगतो, उद्या सांगतो, असं करता करता राहून गेलं. तू रोज खिडकीकडं तोंड करून बसे. मले तोंडच उघडवे नाई."

"आणि थेंब? ते कायले टाकत होते रोज?"

"डॉक्टरनं डोळ्याच्या दाबासाठी चालूच ठेवा म्हणलं होतं." मग थांबून म्हणाले, "आणि तेवढ्यापुरतं तरी तुयाजवळ बसायले भेटे."

मला त्यांना मारावंसं वाटलं. त्यांच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. मी म्हणाले, "बसा समोर."

मी हेडफोन कानाला लावले. ते पुन्हा माझ्या फोनला जोडले गेले, बाई कानात आली. मी मेसेज उघडला.

"राहू दे वं," ते म्हणाले. "कायले पुन्हा पुन्हा?"

"यंत्रानं सांगतलं मले. घरातल्या माणसानं कोणी नाई सांगतलं. आता मी सांगते मले."

बटण दाबलं. बाईनं पहिलं वाक्य म्हटलं. मी तिला थांबवलं आणि विहारात वाचते तसं मोठ्यानं म्हटलं. "बाबा, डॉक्टरांशी मी आज पुन्हा बोलली." दाबलं. "आईच्या उजव्या डोळ्याची नसही गेली आहे." दाबलं. मी एकही शब्द गाळला नाही. "ऑपरेशनच्या दिवशीच त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं." समोरून हुंदका आला. मी थांबले, त्यांना सावरू दिलं, मग पुन्हा दाबलं. "आता नजर परत येणार नाही." हे वाक्य मी दोनदा म्हटलं. "आईला अजून किती दिवस खोटं सांगायचं?"

विहारात इथंच पिन खेचली होती. मला वाटलं, मेसेज संपला. सवयीनं बटण दाबलं तर बाई पुढं बोलली. मी तिला थांबवलं आणि म्हटलं, "मला आता तिच्याशी फोनवर बोलायची भीती वाटते."

पुन्हा दाबलं. एकच वाक्य उरलं होतं.

"आई जेवली का?"

खुर्ची करकरली, मिस्टर उठले. मग म्हणाले, "नाई. नाई जेवली."

ते आत गेले. भांड्यांचा आवाज आला. परत येऊन त्यांनी माझ्यासमोर ताट ठेवलं. हातात दिलं नाही, ठेवलं, आणि काही दिसतं का ते विचारलं नाही. माझा हात धरून ताटाच्या काठावर नेला आणि बसमध्ये गावांची नावं सांगतात तशा स्पष्ट आवाजात म्हणाले, "भात तुयासमोर आहे. वांग्याची भाजी डाव्या बाजूले. पाण्याचा गिलास उजव्या हाताले, जरासा दूर आहे."

मी हात लावून पाहिलं. सगळं त्यांनी सांगितलं तिथंच होतं.